टीव्हीवर काहीच दिसत नाही: जुना स्पेक्ट्रम संगणक गावात बसून कसा तपासायचा

मागच्या मे महिन्यात आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींची नात पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आली. पेटीत जुन्या धोतरात गुंडाळलेला काळा संगणक, एक जड अडॅप्टर आणि तारांचा गुंता. "काका, आबांचा आहे. टीव्हीला लावला, पण काऊन काहीच दाखवत नाही?" मागून गुरुजीही आले. म्हणाले, "यावर मी वर्गाचे निकाल काढत होतो जी. फेकू नका म्हटलं हिला."

तो डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. सिंक्लेअर कंपनीचा मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये आला, त्याचा कडक बटणांचा 'प्लस' अवतार १९८४ मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसी बेल्स कंपनीने तोच परवान्यावर आपल्याकडे आणला. म्हणून आजही विदर्भातल्या एखाद्या मास्तरांच्या किंवा पोस्टमास्तरांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत तो सापडतो.

मी आर्वी तालुक्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. अशा यंत्रांचं एक मला पक्कं कळलं आहे. 'चित्र नाही' ही तक्रार एक असते, पण तिच्या मागे बहुतेक वेळा एकावर एक बसलेले दोन-तीन छोटे बिघाड असतात. ते बाहेरून आत अशा क्रमानेच सोडवावे लागतात. टीव्हीची खात्री न करता आयसी म्हणजे बोर्डावरच्या चिपा उपटायला घेतले की धड आयसीही मरतो आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. गुरुजींच्या यंत्रात असे तीन थर निघाले. ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने सांगतो.

आधी कान लावा

स्पेक्ट्रमला चालू-बंद करायचं बटणच नाही. अडॅप्टरची पिन खोचली की तो चालू. म्हणून पहिली गोष्ट, अडॅप्टर बटण असलेल्या बोर्डावर लावा. सगळ्या तारा आधी जोडून घ्या आणि बटण शेवटी दाबा. चालू यंत्रात पिन काढू-घालू नका. मागच्या उघड्या पट्टीला तर चालू असताना काहीही लावू नका. त्या पट्टीवर वेगवेगळी व्होल्टेज शेजारी शेजारी आहेत, जोडणी जराशी तिरकी बसली तरी आतला ट्रान्झिस्टर जातो.

बटण दाबा, पाचेक सेकंद थांबा आणि चित्र नसतानाच हे करून पाहा. 'एक्स्टेंड मोड' दाबून सोडा. मग 'सिम्बॉल शिफ्ट' धरून 'झेड' दाबा. त्याने बीप ही आज्ञा उमटते. पुढे १, स्वल्पविराम, १० असं दाबून 'एंटर'. आतल्या छोट्या स्पीकरमधून एक सेकंदाचा सूर आला तर आनंद माना. प्रोसेसर, रॉम, रॅम आणि कीबोर्ड सगळं जिवंत आहे, दोष फक्त चित्राच्या वाटेवर आहे. दर बटणाला बारीक टिकटिक आली तरीही यंत्र बरंचसं चालतंय असं धरा.

काहीच आवाज नाही म्हणजे यंत्र मेलं, असा अर्थ मात्र काढू नका. या कीबोर्डखाली प्लास्टिकचा पडदा असतो आणि त्याच्या शेपट्या इतक्या वर्षांनी कडक होऊन तडकतात. आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच. तेव्हा बटणं काम करत नसतील, एवढंच.

आणखी एक जुनी युक्ती. मीडियम वेव्हवर लावलेला ट्रान्झिस्टर रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवून संगणकाजवळ न्या. संगणक चालू करताना खरखर बदलते का, एखादं बटण दाबल्यावर सूर पालटतो का, ते ऐका. हा पुरावा धरू नका, पण आत काही हालचाल आहे की नाही हे कळतं.

गुरुजींच्या यंत्रातून बीप आला नाही. रेडिओत घरघर मात्र होती.

टीव्हीवर भरवसा ठेवू नका

हा संगणक टीव्हीला अँटेनाच्या वाटेने चित्र देतो. आत पत्र्याच्या डबीत मॉड्युलेटर असतो आणि मूळ ब्रिटिश यंत्रात तो यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर, ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास, चित्र सोडतो. इथेच आपल्याकडे पहिली गफलत होते. खटखट फिरणाऱ्या चॅनेलचे जुने कृष्णधवल टीव्ही पुष्कळदा फक्त व्हीएचएफचे असत, त्यांच्यावर हे चॅनेल सापडणारच नाही. केबलच्या काळातला रंगीत, काचेच्या ट्यूबचा टीव्ही घ्या. त्यात ऑटो सर्च असतो. संगणक चालू ठेवून सर्च लावा आणि यूएचएफच्या पट्ट्यात मुंग्या थांबून पडदा एकदम शांत, काळा किंवा पांढरा होतो का, ते टक लावून पाहा. निळा पडदा बंद करायची सोय असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर कमजोर चित्र टीव्हीच झाकून टाकतो.

तारही तपासा. अँटेनाची चपटी दोन तारांची वायर आणि बलून (चपटी वायर गोल वायरीला जोडणारी डबी) लावून कुणी जोडणी केली असेल तर ती काढून टाका, सरळ कोअॅक्सियल वायर वापरा. मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर मधली तार टोकापासून टोकापर्यंत वाजली पाहिजे, आणि मधली तार नि बाहेरची जाळी एकमेकींशी वाजता कामा नयेत.

गुरुजींच्या घरी नवा एलसीडी टीव्ही होता. नातीने त्यावर सर्च लावला होता, काही सापडलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, टीव्ही नवा आहे, त्यात काय बिघडणार?" टीव्ही बिघडलेला नव्हताच. पण स्पेक्ट्रमचं चित्र नेहमीच्या प्रक्षेपणासारखं नसतं. प्रत्येक वेळी ३१२ रेघांचं पूर्ण चित्र, सेकंदाला पन्नासाहून किंचित जास्त वेळा. ट्यूबचा टीव्ही ते मुकाट्याने दाखवतो. काही एलसीडी ते ओळखतच नाहीत आणि 'सिग्नल नाही' म्हणून मोकळे होतात. म्हणून निदान करायचं तर ट्यूबचा टीव्हीच हवा. गावात शोधलात तर कुणाच्या तरी माळ्यावर चादरीखाली तो असतोच. मात्र तो टीव्ही उघडू नका. रंगीत ट्यूबवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात.

मी माझ्या दुकानातला ट्यूबचा टीव्ही लावला. संध्याकाळचे सात वाजले होते. पडदा काळा, मधूनच तिरप्या रेघा, पुन्हा काळा.

गावची लाइन आणि अडॅप्टर

हा भाग मी लांबवून सांगतो, कारण परदेशी लेखांत तो नसतो आणि आपल्याकडे अर्धे 'मेलेले' स्पेक्ट्रम इथेच जिवंत होतात.

स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर, बस. व्होल्टेज बांधून ठेवणारं त्यात काही नाही. भार नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसले तरी घाबरू नका, ते साहजिक आहे. भार पडल्यावर ते नऊच्या आसपास येतं. संगणकाच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो, आणि त्यासाठी त्याला आत येताना किमान ७ व्होल्ट तरी लागतात.

आता मे महिन्यातली संध्याकाळ आठवा. गावभर कूलर चालू, त्यांचे पंप चालू, डीपीवर मोटारींचा भार. २३० च्या जागी लाइन १७० वर येते. साधा ट्रान्सफॉर्मर त्याच प्रमाणात खाली उतरतो. ९ ला १७० ने गुणा, २३० ने भागा. साडेसहाच्या थोडं वर येतं. ७८०५ ला हवे तेवढे मिळत नाहीत, ५ व्होल्ट कोसळतात, वर अडॅप्टरची गुणगुण त्यात मिसळते आणि पडदा काळा होतो. यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं. पहाटे पाच वाजता तेच यंत्र लावा, लाइन २३० वर असते आणि चित्र येतं.

म्हणून मीटर दोन ठिकाणी लावा. आधी बोर्डावरच्या सॉकेटमध्ये एसीवर. त्याला हात सरावलेला नसेल तर जाणकाराकडून मोजून घ्या. मग संगणक चालू असताना अडॅप्टरचं डीसी. भारावर ७ च्या खाली जात असेल तर आधी तेच सोडवा. घरात टीव्हीचा किंवा फ्रिजचा स्टॅबिलायझर असेल तर त्यावर लावून पाहा. उलटी बाजूही आहे. रात्री उशिरा भार सुटला की लाइन २६० वर चढते, तेव्हा तोच अडॅप्टर दहाच्या वर देतो आणि जास्तीची सगळी वीज ७८०५ वर उष्णता होऊन निघते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला तसंच काही थंड मिळत नाही.

नवा स्विचिंग अडॅप्टर हा चांगला उपाय आहे. १०० ते २४० व्होल्टवर तो सारखंच देतो. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या. पण इथे एक धोका आहे आणि तो मी प्रत्येकाला हात धरून दाखवतो. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधे ऋण आणि बाहेर धन लागतं. बाजारातले बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर नेमके उलटे असतात, मधे धन. पिन बेमालूम बसते, आणि पहिल्याच क्षणी आतले भाग जळतात. गुरुजींच्या नातीने तालुक्याहून असाच एक नवा अडॅप्टर आणून ठेवला होता. सुदैवाने लावला नव्हता. मीटरचं लाल टोक पिनेच्या बाहेरच्या अंगाला, काळं मधे. वजाची खूण न येता ९ दिसलं तर बरोबर. वजा आलं तर तार कापून उलटी जोडा, टेप नीट गुंडाळा आणि पुन्हा मोजा.

मी तो अडॅप्टर असा उलटा करून लावला. तिरप्या रेघा गेल्या आणि पडदा स्थिर झाला. पहिला थर टीव्हीचा, दुसरा लाइनचा. चित्र मात्र अजून यायचंच होतं.

आता उघडा

अडॅप्टर काढून ठेवा. यंत्र पालथं घालून खालचे स्क्रू काढा. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून कागदावर यंत्राचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवा. वरचं झाकण एकदम ओढू नका. कीबोर्डच्या दोन पातळ शेपट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच रेघांची आणि एक आठ रेघांची. सरळ वर, न वाकवता काढा. त्या तुटल्या तर नवा मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा तो पडदा, मागवावा लागतो.

पहिल्यांदा नुसतं पाहा. आपल्याकडच्या पेट्यांतून आलेल्या यंत्रांत मला मुंग्यांची माती, पालीची अंडी, झुरळांची घाण आणि जिनिंगच्या गावातली रुईची पूड सापडली आहे. सगळं मऊ ब्रशने झाडा. हिरवा गंज दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. रॉकेल आणि थिनर नको, थिनर प्लास्टिक खातो. कापूस घरात हाताशी असतो, पण त्याने पुसू नका, धागे पिनांत अडकून राहतात.

सॉकेटमध्ये बसवलेले आयसी हळूच दाबा. उन्हाळ्यात फुगून, थंडीत आकसून ते वर्षानुवर्षं कणाकणाने वर सरकतात. नुसतं दाबल्याने चित्र आलेली यंत्रं मी पाहिली आहेत. यूएलए हा चित्र तयार करणारा मोठा आयसी बहुधा सॉकेटवर असतो. तो काढायचाच झाला तर दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसभर केसभर उचला. तो आता कुठे सहज मिळत नाही.

तीन व्होल्टेज

खालच्या १६ केबीचे आठ रॅम आयसी, ४११६ जातीचे, बोर्डावर आयसी ६ ते १३ असे ओळीत आहेत. चित्र इथेच साठवलेलं असतं. या जुन्या आयसींना एक सोडून तीन व्होल्टेज लागतात, आणि ती त्यांच्याच पायांवर मोजता येतात. मीटरचं काळं टोक १६ नंबरच्या पायाला म्हणजे ग्राउंडला. लाल टोकाने पाहा: १ नंबरवर उणे ५, ८ नंबरवर १२, ९ नंबरवर ५. आयसीची खाच वर धरली तर डाव्या ओळीत वरून खाली १ ते ८, उजव्या ओळीत खालून वर ९ ते १६.

चालू करण्याआधी, अडॅप्टर काढलेला असताना, ८ नंबर आणि ग्राउंड यांतला रोध मोजा. मीटर शून्याच्या जवळ चिकटून राहिलं तर एखादा रॅम आयसी १२ व्होल्टवर शॉर्ट आहे. तसाच चालू केलात तर व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर जळेल.

रोध ठीक असेल तर चालू करा आणि घाई न करता पण पटकन मोजा. उणे ५ आलं नाही आणि १२ आहे, असं दिसताच लगेच बंद करा. ४११६ ला उणे ५ शिवाय १२ मिळालं की तो मरतो, आणि एक गेला की मागोमाग इतर. ही खूणगाठ बांधून ठेवा.

५ व्होल्ट नाहीत तर ७८०५ चे तीन पाय पाहा. आत नऊ, बाहेर ४.७५ ते ५.२५ हवेत. आत आहे, बाहेर नाही आणि तो भाजून निघतोय, तर पुढे कुठे शॉर्ट आहे. तो थंडगार असेल तर तोच गेला. ७८०५ नागपूरला बर्डीच्या बाजारात तर मिळतोच, तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो. बदलताना हीटसिंकला ताजी पेस्ट लावायला विसरू नका.

५ आहेत पण १२ आणि उणे ५ दोन्ही नाहीत, हा स्पेक्ट्रमचा ठरलेला आजार. कॉइलजवळच्या दोन ट्रान्झिस्टरांकडे पाहा, टीआर४ आणि टीआर५. टीआर४ हा झेडटीएक्स६५० आणि टीआर५ हा झेडटीएक्स२१३. पहिला जास्त जातो, पण मी दोन्ही एकदम बदलतो. कॉइलची तांब्याची तार काळी पडली असेल तर तीही जळाली असं समजा. आणि बदलण्याआधी रॅमच्या ८ नंबरचा तो रोध पुन्हा मोजा, कारण रॅम शॉर्ट असेल तर नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जाईल.

गुरुजींच्या यंत्रात तिन्ही व्होल्टेज शाबूत निघाली.

पडदा काय सांगतो ते वाचा

इथून पुढे मीटरपेक्षा पडदा जास्त बोलतो. फक्त त्याची भाषा कळली पाहिजे.

टीव्हीवर निव्वळ मुंग्या असतील, कुठल्याच चॅनेलवर बदल नसेल, तर मॉड्युलेटर, त्याचे ५ व्होल्ट, यूएलए किंवा १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, यांपैकी काहीतरी. पडदा स्थिर असेल, काळा का असेना, तर यूएलए चित्राची चौकट आखतो आहे. म्हणजे मोठी चिंता मिटली. उभे पट्टे किंवा रंगीत चौकोनांचा कचरा दिसला तर यूएलए रॅम वाचतोय, पण त्यात कुणी काही नीट लिहिलेलं नाही.

आता किनार पाहा. चालू होताच रॉममधल्या अगदी पहिल्या कामांत किनार पांढरी करण्याची सूचना आहे. म्हणून किनार पांढरी झाली असेल तर झेड८० प्रोसेसर जागा आहे, रॉम वाचतो आहे आणि यूएलएला हुकूमही पोचवतो आहे. हे कळायला एक पैसा लागत नाही आणि तीन महागड्या आयसींवरचा संशय जातो.

त्यानंतर रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो आणि परत वाचून तपासतो. पडद्यावर तो काळ्या पाटीवर बारीक लाल उभ्या रेघा म्हणून दिसतो, दर आठ ठिपक्यांमागे एक. धडधाकट यंत्रात त्या एक-दीड सेकंद दिसून पुसल्या जातात आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ येते.

गुरुजींच्या यंत्रात किनार पांढरी होती. लाल रेघा आल्या, पण गेल्या नाहीत. नीट पाहिलं तर दर आठ ठिपक्यांत एकीऐवजी दोन रेघा होत्या, दुसरी चौकोनाच्या अगदी डाव्या कडेला. आणि सगळा पडदा लुकलुकत होता. नातीला वहीत आठ चौकोन आखून दाखवले. डावीकडचा ठिपका म्हणजे बाइटमधला सर्वात वरचा बिट. रंगाच्या बाइटमध्ये तोच वरचा बिट लुकलुकण्याचा हुकूम देतो. दोन्हीकडे तोच बिट एकवर अडकलेला. आठ रॅम आयसींत प्रत्येकाकडे एकच बिट, म्हणून दोषी एकच, आणि सर्किट डायग्रामवर तो सापडला. ती बराच वेळ वहीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "म्हणजे ते स्वतःच सांगून राहिलं, काय दुखतं ते," ती म्हणाली.

रेघा इतक्या स्पष्ट नसतील तर बोट लावून पाहा. ४११६ कोमट असतातच, पण शेजाऱ्यांपेक्षा एखादाच चटका देत असेल तर तो. यूएलए आणि ७८०५ गरम लागतात, त्यांच्यावरून भलता निष्कर्ष काढू नका.

रॅम बदलताना

जुना आयसी वाचवायचा मोह सोडा, बोर्ड वाचवा. बारीक नीपरने सगळे पाय आयसीच्या अंगालगत कापा, धड बाजूला काढा, मग एकेक पाय २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने वितळवून चिमट्याने ओढा. भोकं पंपाने मोकळी करा. या बोर्डाच्या तांब्याच्या वाटा नाजूक आहेत, तीन सेकंदांहून जास्त उष्णता दिली की उचलतात. जागेवर १६ पायांचं सॉकेट सोल्डर मारून बसवा आणि त्यात नवा आयसी. पुन्हा असं झालं तर दोन मिनिटांचं काम राहतं. ४११६ आता जुन्या साठ्यातलेच येतात, म्हणून एक लागला तरी दोन-तीन मागवा.

किनार पांढरीच होत नसेल तर झेड८० कडे वळा. त्याच्या ११ नंबरवर ५ व्होल्ट, २९ वर ग्राउंड. २६ नंबर रीसेटचा, चालू झाल्यावर तो पाचाच्या जवळ जायला हवा. खालीच अडकला असेल तर तिथला छोटा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर संशयित, आणि प्लसच्या डाव्या बाजूचं रीसेट बटणही, कारण ते गंजून दाबलेलंच राहतं. ६ नंबरवर घड्याळाची लहर येते. मीटर डीसीवर मधलं काहीतरी, दोनेक व्होल्ट दाखवेल. ठाम शून्य किंवा ठाम पाच म्हणजे घड्याळ थांबलंय. हे सगळं ठीक असूनही किनार बदलत नसेल तरच रॉम किंवा झेड८० बदलून पाहा. झेड८० अजून मिळतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा-बारा आहेत. यंत्र एकदा चालू झालं की ते सगळे बदलून टाकावेत, धन-ऋण खूण नीट पाहून. आधी नको. एकाच वेळी फार बदललं की नवा बिघाड कुठला आणि जुना कुठला हे कळेनासं होतं.

चित्र थेट तारेवर घ्यायचं असेल

मॉड्युलेटरमधून येणारं चित्र कधीच लख्ख नसतं. तो काढून टाकायची गरज नाही, बाजूला सारता येतो. मॉड्युलेटरच्या डबीत बाहेरून दोन तारा शिरतात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. कोणती कोणती हे मीटरने ठरवा, ठाम ५ दाखवते ती वीज. दोन्ही सोडवा. ५ व्होल्टच्या टोकाला टेप लावा. डबीचं झाकण काढून आरसीए सॉकेटच्या, म्हणजे टीव्हीची तार लागते त्या सॉकेटच्या, मधल्या टोकाला आत जोडलेला रेझिस्टर सोडवा आणि व्हिडिओची तार तिथे लावा. मधे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर टीव्हीला डीसी जात नाही, त्याचं धन टोक संगणकाकडे. आता तीच सॉकेट टीव्हीच्या पिवळ्या एव्हीला जाते. नव्या टीव्हीला ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून एव्ही घ्यावं लागत असेल तर तिच्या कड्यांचा क्रम कंपनीनुसार वेगळा असतो, चित्र नाही आलं तर लाल-पांढऱ्यातही तार लावून पाहा.

चित्र आलं पण रंग नाही, तर टीव्ही 'पाल' (PAL) या रंगाच्या पद्धतीवर आहे ना ते पाहा. मग ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याशेजारचा एलएम१८८९ हा आयसी.

शाळेच्या कपाटातला बीबीसी मायक्रो

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश संगणक मिळाले होते. असा एखादा मिळाला तर तो थेट लाइनवर लावू नका. त्याचा पॉवर सप्लाय आतच असतो आणि लाइनच्या बाजूचे जुने कागदी फिल्टर कपॅसिटर ओलावा ओढून तडकलेले असतात. लावल्यावर काही मिनिटांत धूर काढतात, आणि तो वास खोलीतून दोन दिवस जात नाही. आधी ते बदला, पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे लाइनच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावा. तो चालू होताना दोन स्वरांत बोलतो, एक खोल आणि मग एक उंच. पहिलाच सूर अखंड वाजत राहिला तर व्होल्टेज आणि सॉकेटमधले आयसी बघा. दोन्ही स्वर आले आणि चित्र नाही तर दोष वाटेवरचा. त्याला अँटेनाशिवाय बीएनसी सॉकेटवर थेट व्हिडिओही आहे. तो मुळात रंगाविना असतो, हे लक्षात असू द्या.

बंद करण्याआधी

नवा रॅम बसवल्यावर गुरुजींच्या पडद्यावर लाल रेघा आल्या, पुसल्या गेल्या आणि खाली ती ओळ उमटली. कीबोर्ड अजून मुका होता, आठ रेघांची शेपटी मुळाशी तडकलेली निघाली. तेवढा तडकलेला भाग सरळ कापून उरलेली शेपटी परत खोचली तेव्हा बटणं बोलू लागली. शेपटीची लांबी पुरत असेल तर हे एकदाच करता येतं.

तुमच्याकडे एवढं झालं की आणखी दोन गोष्टी बघा. 'बी' दाबल्यावर बॉर्डर ही आज्ञा येते, पुढे २ आणि एंटर दाबा, किनार लाल व्हायला हवी. मग प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ टाइप करा. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ केबी पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरच्या ३२ केबीतले आयसी, १५ ते २२, बघावे लागतील, पण चित्रासाठी त्यांची गरज नाही. अर्धा तास तसंच चालू ठेवा, ७८०५ चं तापमान आणि उणे ५ पुन्हा मोजा, आणि मगच स्क्रू लावा.

यंत्र कूलरच्या झोतात ठेवू नका, त्या ओल्या हवेने पाय हिरवे होतात. पत्र्याच्या पेटीत ठेवायचं तर कोरड्या सुती कापडात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी टिनाच्या छपराखाली नको. अडॅप्टरवर मी लाल शाईने लिहून दिलं: 'मधे ऋण. फक्त याच यंत्रासाठी.' गुरुजींनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि एका बोटाने बटणं शोधत दहावी अ ची पटसंख्या टाइप करायला बसले.